लाजेपायी किती सोसायचे?

चेन्नईहून महाबलीपुरमकडे जाताना वाटेत कोवलम लागते. केरळमधले प्रसिद्ध कोवलम वेगळे. हे समुद्रकाठचे कोळ्यांचे गाव. चेन्नईत राहणाऱ्या माझ्या वहिनीने तिथे आठवडाभर राहायचा बेत केला आणि फोनवर बजावले, "पोहायचा पोशाख आण हं!"

माझ्या पोटात गोळा आला. भीती पाण्याची नव्हती, बिकिनी लाइनच्या वॅक्सिंगची होती. पूर्वी एका पार्लरमध्ये ते करून घेतले होते. तिथली मुलगी एकच लाकडी पट्टी माझ्या अंगाला लावून पुन्हा त्याच भांड्यात बुडवत होती. मला दिसत होते, पण तशा अवस्थेत तोंड उघडायची लाज वाटली. पुढे आठ दिवस पुळ्या आणि आग सोसली, तीही चोरून.

हे ऐकून वहिनी म्हणाली, "कपडे काढायला लाजली नाहीस, मग बोलायला कसली लाज?"

कोवलमला पोहोचल्यावर ती मला ओळखीच्या पार्लरमध्ये घेऊन गेली. तिथल्या अक्कांनी आधी प्रश्नच विचारले. मधुमेह आहे का? मुरमांच्या गोळ्या किंवा रेटिनॉइडचे मलम चालू आहे का? अशा औषधांनी त्वचा नाजूक होते आणि वॅक्सबरोबर सोलवटू शकते. पाळी जवळ आली आहे का? त्या दिवसांत दुखते जास्त. शेवटी विचारले, "समुद्रात कधी जाणार?"

"उद्या," मी म्हटले.

वहिनीने उत्तराचा अर्थ सांगितला, "उद्या नाही. दोन दिवस खारं पाणी, ऊन आणि घट्ट कपडे बंद!"

मग अक्कांनी हात धुतले, नवे हातमोजे चढवले. लांब केस कात्रीने अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत कापले. वॅक्स कापडी पट्टीशिवाय निघणारे, घट्ट होणारे होते. नाजूक जागी ते त्वचेला कमी चिकटते. आधी मनगटावर लावून किती गरम आहे ते पाहिले. केसांच्या दिशेने छोटासा थर लावला. तो घट्ट होताच एका हाताने त्वचा ताणून धरली आणि दुसऱ्या हाताने उलट दिशेला, त्वचेला लगटून, एका झटक्यात ओढला. लगेच त्या जागी तळवा दाबला. दुखले, पण सोसण्याइतके. राहिलेले केस चिमट्याने काढले. त्याच जागी पुन्हा वॅक्स लावले नाही.

त्यांनी दुसऱ्यांदा वॅक्स घेतले, तेव्हा धीर करून मी वहिनीने शिकवलेला तमिळ शब्द उच्चारला, "पुदुसा?" म्हणजे, नवी का? अक्कांनी हसून वापरलेल्या पट्ट्यांनी भरलेली टोपली दाखवली.

मैत्रिणींनो, हे केस म्हणजे अस्वच्छता नव्हे. ते त्वचेचे घर्षणापासून रक्षण करतात. नैसर्गिक प्रसूतीपूर्वी ते सरसकट काढू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 मध्ये सांगितले आहे. काढायचे की नाही, ही आपली मर्जी. पण काढायचेच असतील तर स्वच्छतेबाबत संकोच नको.

तिसऱ्या दिवशी मनसोक्त पोहले. घरी परतल्यावर महिन्याभराने जवळच्या पार्लरमध्ये गेले. मुलीने वापरलेली पट्टी भांड्याकडे नेताच म्हटले, "नवी घे गं."

तिने मुकाट्याने नवी घेतली. इतकेच तर बोलायचे होते!