पाणचक्कीचा वड आणि गच्चीवरचा वड

पाणचक्कीला आलेला पाहुणा आधी हौदाकडे जातो. भिंतीवरून कोसळणारं पाणी, हौदातले मासे, पाण्यावर फिरणारी चक्की, हौदाच्या खालचं गार दालन, एवढं पाहून तो बाहेरच्या दुकानांकडे वळतो. वडाच्या सावलीत बसतो, पण वडाकडे पाहत नाही. आम्ही गेली सहा वर्षं नेमकं उलटं करतो. आत शिरलो की थेट वडाखाली जाऊन मान वर करतो, आणि आमची धाकटी लेक वहीत फांद्या काढते.

लोक या वडाचं वय सहाशे वर्षं सांगतात. हजरत बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहमध्ये येणाऱ्या फकिरांसाठी आणि तालिबे-इल्मांसाठी इथे धान्य दळलं जाई. चक्कीचं पाणी उत्तरेच्या डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि गावाला नहरीचं पाणी दिलं, तीच विद्या पुढच्या लोकांनी चालवली. खडकीचं औरंगाबाद झालं, २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. वडाला यातलं काही विचारलेलं नाही.

आमचं या झाडाकडे लक्ष गेलं ते दुसऱ्याच एका वडामुळे. जुन्या शहरात अब्बांचं घर होतं, विटा आणि चुन्याचं. गच्चीच्या कठड्याखाली भिंतीच्या भेगेत एक वड उगवला होता. मैना नाहीतर बुलबुल फळं खाऊन बसले असतील, बी भेगेत पडलं असेल. वडाची सुरुवात बहुधा अशीच होते. हे झाड भिंत फोडणार म्हणून अब्बा दर पावसाळ्याआधी शिडी लावून ते कोयत्याने छाटत. पावसात ते पुन्हा फुटे. अब्बा बडबडत पुन्हा शिडी लावत. असं किमान बारा-तेरा वर्षं चाललं.

अब्बा गेले. पुढे रस्ता रुंद व्हायचा ठरला आणि घर पाडण्याची तारीख आली. सामान हलवून झाल्यावर अम्मी रिकाम्या गच्चीवर उभी होती. जाताना ती एवढंच म्हणाली, "तुमच्या अब्बांचा दुश्मन तेवढा राहिला इथे."

तो जून महिना होता, पहिला पाऊस होऊन गेलेला. आम्ही छिन्नी-हातोडा घेऊन परत गेलो आणि विटा एकेक करून सैल केल्या. मूळ बाहेर आलं ते गोल नव्हतंच. दोन विटांच्या मध्ये वाढल्यामुळे पट्टीसारखं चपटं झालेलं, कोपऱ्यावर काटकोनात वळलेलं. वर खोड जेमतेम वीतभर उंच, पण बुंधा मनगटाएवढा जाड. तुटल्या जागांमधून पांढरा चीक गळत होता. तो कपड्यावर पडला तर डाग जात नाही, डोळ्यात गेला तर आग होते. आम्ही ओल्या फडक्याने टिपत राहिलो. मुळं गोणपाटात गुंडाळून झाड स्कूटरवर आणलं.

बोन्साय शिकवणारी माणसं शहरात आहेत. त्यांतल्या एकांनी झाड पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी तयार केलं?" जाड बुंधा, खालून फुटलेल्या फांद्या, वर निमुळता होत गेलेला शेंडा, हे सगळं वारंवार छाटल्याने येतं. नर्सरीत त्यासाठी झाड वर्षानुवर्षं वाढू देतात, मग कापतात, पुन्हा वाढू देतात. अब्बांनी बारा-तेरा वर्षं तेच केलं होतं, फक्त रागाने.

पुढचं काम आमचं. माती म्हणाल तर ती फारशी घालायचीच नाही. विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, जाड वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत. पाणी घातलं की लगेच खाली निघून गेलं पाहिजे, नाहीतर मुळं कुजतात. पहिलं वर्षभर छाटणी नाही. त्यानंतर फांदीला सहा-सात पानं आली की दोन-तीन ठेवून पुढचा भाग कापायचा, म्हणजे मागच्या डोळ्यांतून दोन फांद्या फुटतात. फांदीला वळण द्यायला अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळतात, पण पावसाळ्यात वड इतक्या वेगाने जाड होतो की तार काही आठवड्यांत सालीत रुतते. आमच्या एका फांदीवर अजून तिचा वळ आहे. दोन-तीन वर्षांनी कुंडीतून काढून मुळंही छाटावी लागतात, साधारण एक तृतीयांश.

वडाचं पान मोठं. छोट्या झाडावर ते थोरल्या भावाचा सदरा घातल्यासारखं दिसतं. त्यासाठी भर उन्हाळ्यात, झाड जोमात असताना, देठ ठेवून सगळी पानं कापतात. नवी येतात ती लहान असतात. नांद्रुकीचं पान मुळातच लहान, म्हणून शिकणाऱ्याने नांद्रुक घ्यावी असं आम्हीही सांगू. पण आमच्याकडे निवडीचा प्रश्न नव्हता.

मोठी चूक तिसऱ्या वर्षी झाली. समुद्रकाठच्या एका माणसाचा व्हिडिओ पाहून आम्ही डिसेंबरमध्ये पानं काढली. त्याच्याकडे डिसेंबर दमट आणि उबदार. आमच्याकडे पहाटे दात वाजतात. जानेवारीत वरच्या फांद्या काळ्या पडल्या. नखाने साल खरवडून पाहायचो, आत तपकिरी. दर आठवड्याला थोडं खाली, पुन्हा तपकिरी. त्या दिवसांत अम्मी गच्चीवर यायची नाही.

तिचा विरोध पहिल्यापासूनच होता. कुंडीत ठेवलं त्या दिवशीच ती म्हणाली होती, "अरे, झाड को कायकू कैद करतेव? अल्लाहने ज्याला एवढं मोठं बनवलं त्याला ताटलीत बसवता?" आम्ही म्हणालो, भिंतीत राहिलं असतं तर जेसीबीखाली गेलं असतं. ती म्हणाली, "वाचवलं ते चांगलं केलं. मग जमिनीत का नाही लावलं?" याला आमच्याजवळ उत्तर नव्हतं. फ्लॅटवाल्याला जमीन कुठली? पण खरं सांगायचं तर, जमीन असती तरी आम्ही ते लावलं नसतं. अब्बांच्या घराचं एवढंच आमच्या हाती उरलं होतं आणि ते आम्हाला हाताशी हवं होतं. हे प्रेम झालं की कैद, याचा निकाल आमच्याने लागत नाही. सूरह अत्-तीन अंजिराच्या नावाची, आणि अंजीर, वड, उंबर एकाच कुळातले, एवढं आम्ही वर्गात मुलांना सांगतो. अम्मीपुढे ते सांगायचा धीर झाला नाही.

मार्चमध्ये बुंध्याजवळ तीन लाल टोकं दिसली. सर्वांत आधी अम्मीला दाखवली. तिने चष्मा लावून पाहिलं आणि एक अट घातली: यापुढे जे कापाल ते फेकायचं नाही.

वडाची फांदी जमिनीत रोवली तरी लागते, हे खेड्यात वाढलेल्या अम्मीला ठाऊक होतं. तेव्हापासून बोटाएवढी जाड फांदी कापली की चीक वाळू देतो आणि पिशवीत लावतो. त्यांतली पहिली कब्रस्तानात गेली. मुतवल्लींनी आधी नकार दिला, वडाची मुळं कबरी उचलतील म्हणून. त्यांचं बरोबरच होतं. शेवटी फाटकाबाहेर, नळाजवळ, जनाजाबरोबर आलेली माणसं उन्हात उभी राहतात तिथे जागा मिळाली. गेल्या ईदला पाहिलं तर ते झाड आमच्या डोक्यावरून गेलेलं. कुंडीतलं अजून दीड वीत. दोन्ही एकाच झाडाची.

पाणचक्कीचा वड आम्ही पाहत राहतो तो पारंब्यांसाठी. आमच्या कोरड्या हवेत कुंडीतल्या वडाला पारंबी सहजी सुटत नाही. रत्नागिरीच्या खालाजानकडे आपोआप लोंबतात. श्रावणात हवा ओली झाली की एखादं पांढरं टोक निघतं. सरबताची नळी उभी चिरून तिच्यात ओलं शेवाळ भरायचं, टोक आत सोडायचं आणि नळी मातीत रोवायची. दोनदा केलं, दोन्ही वेळा टोक सुकलं.

गेल्या पावसाळ्यात तिसरं मातीपर्यंत पोहोचलं. आम्ही दोघं शाळेत असताना नळी ओली कोण ठेवत होतं ते नंतर कळलं. जोहरच्या वुजूला अम्मी हल्ली नळावर जात नाही. लोटा घेऊन गच्चीवर जाते आणि कुंडीशेजारी बसून वुजू करते.