पायाखालची फरशी

डोंबिवलीत घर घेतलं की माणूस दोन गोष्टींना मुकतो: शिल्लक आणि समपातळी. शिल्लक हप्त्यांत जाते. समपातळीचं म्हणाल, तर फलाट आणि गाडी यांतलं अंतर रोज ओलांडणाऱ्याला घरची जमीन थोडी कलली तरी कळत नाही.

जुनी मोझॅक बदलायची ठरली, तेव्हा हिचे ठाण्याचे बंधू म्हणाले, "उखडता कशाला? वरूनच व्हिट्रिफाइड बसवा. खर्च निम्मा!" भावाचा सल्ला आणि निम्मा खर्च, दोन्हींना हिनं आजवर नाही म्हटलेलं नाही.

जमीन दीड इंच वर आली. दारं अडली, सुतारानं ती खालून तासली. न्हाणीचा उंबरा बुटका पडला. पाणी पाहुण्यासारखं हॉलमध्ये येऊ लागलं. आणि मे महिन्यात एका दुपारी फटाका वाजावा तशा दोन फरशा तंबूसारख्या उभ्या राहिल्या. ऐंशी वर्षांचे दादा त्यांना अडखळले. कडी हाताला लागली म्हणून वाचले. त्या दिवशी चारचा चहा कुणालाच आठवला नाही.

मग कल्याणचे एक म्हातारे मिस्त्री आले. म्हणाले, "साहेब, फरशी दिसते वरून, पण बसते खालून." घोटलेल्या मोझॅकवर टाचे मारल्याशिवाय माल धरत नाही. व्हिट्रिफाइड अर्धा टक्काही पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटला दाद देत नाही. तिला चिकटवायचा खास मसाला लागतो. आणि भिंतीकडेनं फट सोडावी लागते, कारण उन्हाळ्यात फरशीही अंग पसरते.

सगळं स्लॅबपर्यंत उखडलं. पाण्याच्या नळीनं लेव्हल काढली, न्हाणीला जाळीकडे उतार दिला, खालचा थर पाणी मारून पक्का होऊ दिला, मगच फरशी.

शेवटी दादा काठी घेऊन परीक्षकासारखे निघाले. टक, टक, टक... डब! "मिस्त्री, ही पोकळ आहे." मिस्त्रींनी वाद न घालता ती काढून पुन्हा बसवली.

आता रात्री दादा भिंत न धरता न्हाणीत जातात. मी अंथरुणात पडल्यापडल्या काठीची टकटक ऐकतो, आणि ती परत आली की झोपतो.

परवा मेहुणे आले. फरशीवरून पाय फिरवत म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं? व्हिट्रिफाइडच बसवा!"