श्वासाचा रकाना

परिचर्येच्या शाळेत नव्याने दाखल झालेल्या मुलीला पहिल्या काही महिन्यांत जे शिकविले जाते, ते वरवर पाहता इतके सोपे वाटते की, त्यासाठी स्वतंत्र शाळा कशाला हवी, असा प्रश्न एखाद्या सुज्ञ गृहस्थाला पडावा. हात कसे धुवावेत, खाटेवरची चादर सुरकुती न ठेवता कशी अंथरावी, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला कुशीवर कसे वळवावे, त्याच्या मुखाची स्वच्छता कशी राखावी, आणि ठरलेल्या वेळी ताप, नाडी, श्वास व रक्तदाब पाहून तक्त्यावर त्यांची नोंद कशी करावी, एवढाच हा आरंभीचा अभ्यास. सेनगाव, औंढा नागनाथ, कळमनुरी, वसमत ह्या तालुक्यांच्या खेड्यांतून आणि तांड्यांवरून हिंगोलीस आलेल्या मुली हे सगळे आम्हाला आता येते म्हणून लवकरच सांगू लागतात, आणि त्यांचे म्हणणे खोटेही नसते; कारण कृती त्यांना खरोखरच येते. परंतु कृती येणे ही एक गोष्ट, आणि त्या कृतीची नोंद दुसऱ्या कोणी खातरजमा न करता मान्य करावी इतका तिचा भरवसा वाटू लागणे ही दुसरी. ह्या दोहोंमधले अंतर तोडण्यातच माझ्यासारख्या शिक्षिकेची सारी नोकरी खर्ची पडते, आणि कोणती मुलगी त्या वाटेवर कुठवर आली आहे हे मला तक्त्यावरचा श्वासाचा रकाना सर्वांत आधी सांगतो.

तापाची कथा ह्या चौघांत सर्वांत सरळ. लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिख ह्यांनी सुमारे २५,००० रुग्णांच्या तापमानाच्या नोंदींवरून १८६८ साली जो ग्रंथ सिद्ध केला, त्यातून ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटच्या हिशेबाने ९८.६, हा आकडा जगभरच्या दवाखान्यांत रूढ झाला. निरोगी देहाचे तापमानही पहाटे उतरते आणि सायंकाळी चढते, हे त्याच नोंदींतून दिसून आले होते. पण त्या एका आकड्याच्या कीर्तीपुढे ही गोष्ट झाकली गेली, आणि आज एखाद्या तक्त्यावर सकाळ-संध्याकाळ, म्हाताऱ्या-तरण्या सगळ्यांपुढे ९८.६ च लिहिलेले आढळले, म्हणजे तापमापी खिशातून बाहेर आलीच नाही, असे मी बेलाशक समजते. त्या काळची तापमापी जवळजवळ फूटभर लांब असे आणि तिला वीस-वीस मिनिटे लागत. क्लिफर्ड ऑलबट ह्यांनी १८६६ च्या सुमारास ती सहा इंचांवर आणि पाच मिनिटांवर आणली, आणि आताची विजेरीवरची तापमापी तर मिनिटभराच्या आत टुकटुक वाजून मोकळी होते. यंत्र उतावळे झाले तरी रीत मात्र जुनीच पाळावी लागते: बाहेरच्या बाकावर नुकताच गरम चहा पिऊन आलेल्या माणसाच्या तोंडात ती ठेवली, तर ती चहाची खबर देणार, म्हणून अर्धा तास थांबावे, नाहीतर काखेतला घाम टिपून ती तिथे ठेवावी, आणि कोणत्या जागी ठेवली तेही तक्त्यावर लिहावे.

नाडीच्या बाबतीत आमच्या मुलींना एक जुना वारसा आडवा येतो. शार्ङ्गधरसंहितेपासून आपल्या वैद्यांनी नाडीपरीक्षेला फार मोठे स्थान दिले, आणि त्यामुळे मनगटावर तीन बोटे टेकली की खेड्यातली आजी अजूनही मोठ्या अपेक्षेने विचारते, "काय सांगती गं नाडी?" परिचारिकेला नाडीने सगळे भविष्य सांगावे अशी अपेक्षा नाही, तिला केवळ गती, ताल आणि जोर ह्या तीन गोष्टींचा तपशील हवा असतो. अंगठा तिथे ठेवू नये, कारण अंगठ्याला स्वतःचे स्पंदन असते आणि परक्याच्या नावावर आपलेच ठोके मोजले जातात. इंग्लंडात जॉन फ्लॉयर ह्या वैद्याने १७०७ साली मिनिटभर चालणारे घड्याळ नाडीसाठी घडवून घेतले, तेव्हापासून मोजणी मिनिटाची ठरली. पण पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची पळवाट पुढे कोणीतरी काढली, आणि तिचा पुरावा तक्त्यावरच राहतो. ७२, ७६, ८०, ८४ असे चाराच्या पाढ्यातलेच आकडे ओळीने उतरलेले दिसले, की मोजणारीने किती वेळ दिला, हे तिला विचारावे लागत नाही. ठोका मध्येच चुकणाऱ्या नाडीत तर ही पळवाट सरळ सरळ फसवणूक ठरते. तिथे पुरे मिनिट मोजण्यावाचून गत्यंतर नाही.

रक्तदाबाचेही तसेच. शिपिओने रिव्हा-रोच्ची ह्यांनी १८९६ साली दंडावर गुंडाळायचा पट्टा आणि पाऱ्याचा स्तंभ दिला, आणि निकोलाय कोरोत्कोव्ह ह्या रशियन शल्यवैद्याने १९०५ मध्ये धमनीवर स्टेथोस्कोप लावून ऐकण्याची रीत दिली. पट्टा सैल होत असता जो पहिला ठोका कानी येतो तो वरचा दाब, आणि आवाज लोपतो तो खालचा. पाऱ्याच्या पट्टीवर खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात, सबब तिच्यावरून वाचलेला दाब ११५ किंवा १२५ असा विषम येण्याचा संभव नाही. तरीही असे आकडे केस पेपरवर अधूनमधून दिसतात आणि आपल्या जन्माची कबुली आपणच देऊन टाकतात. बारीक दंडाला रुंद पट्टा गुंडाळला तर दाब खोटा कमी येतो, जाड दंडाला अरुंद गुंडाळला तर खोटा जास्त. हात हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा, रुग्ण जिना चढून आला असल्यास त्याला पाच मिनिटे बसू द्यावे, आणि मोजताना त्याच्याशी गप्पा मारू नयेत. ह्या गोष्टी पुस्तकात असतात. शिकवावी लागते ती त्या पाच मिनिटांची तयारी.

आता श्वास. सामान्य वॉर्डात ह्या लक्षणाला स्वतःचे म्हणून कोणतेही यंत्र नाही. घड्याळ, डोळे आणि एका जागी मिनिटभर उभे राहण्याची तयारी, एवढ्या भांडवलावर ते मोजायचे असते. शिवाय आपला श्वास मोजला जात आहे असे कळताच माणूस तो बदलतो, म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट न सोडता, जणू अजून नाडीच पाहत आहोत अशा आविर्भावात, छातीच्या किंवा पोटाच्या हालचालीकडे नजर लावायची आणि चढ-उतार मिळून एक असे मोजायचे, ही परिचर्याशास्त्राने मान्य केलेली एक निरुपद्रवी लबाडी आहे. प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात हे सर्वांनाच पाठ. आणि पाठ असल्यामुळेच गर्दीच्या वॉर्डात हा रकाना न मोजता भरला जातो. वीस खाटांपुढे वीस वेळा १८ किंवा २० लिहिलेले मी नाना ठिकाणी पाहिले आहे, जणू साऱ्या वॉर्डाने एका शिस्तीत श्वास घेण्याचा ठराव केला होता.

हा आळस परवडणारा नाही, कारण देह बिघडू लागला की पुष्कळदा श्वासच सर्वांत आधी वाढतो, आणि रक्तदाब बिचारा शेवटपर्यंत अब्रू राखून असतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली धोक्याच्या पूर्वसूचनेसाठी जी गुणांकनपद्धती घालून दिली, तीत श्वासाची गती २५ किंवा त्याहून अधिक झाली तर त्या एकाच लक्षणाला ३ गुण, म्हणजे कमाल गुण, पडतात आणि रुग्णाला तातडीने पाहावे लागते. ८ किंवा त्याहून कमी झाली तरी तेच. आमच्या कापूस-सोयाबीनच्या मुलखात ह्या दोन्ही टोकांचे रुग्ण येतात. रात्री जमिनीवर निजलेल्या शेतमजुराला मण्यार चावतो, दंशाची खूणही धड दिसत नाही, पोटात कळ येते, पहाटे पापण्या जड होतात, आणि मग श्वास उथळ होत जातो. अशा वेळी त्याला एका दमात एक, दोन, तीन असे मोठ्याने मोजायला लावून तो कुठवर पोहोचतो ते दर खेपेस लिहून ठेवले, तर उतरती कळा यंत्राच्या आधी कागदावर दिसते. फवारणीचे विष पोटात गेलेल्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ सुटते, अंग घामाने निथळते, छातीत पाणी भरल्यासारखा घुरघुराट होतो. उतारा म्हणून ॲट्रोपीन चालू असता छाती कोरडी झाली का, नाडी किती वर आली, हे जी परिचारिका पुन्हा पुन्हा पाहते, तिच्याच नोंदीवर पुढची मात्रा ठरते.

श्वास मोजायला पदवी लागत नाही, ह्याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे प्रमाण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय व राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने न्यूमोनियाने दगावणाऱ्या बालकांसाठी खेड्यातल्या दायांना आणि आरोग्यदूतांना श्वास मोजण्यास शिकविले, आणि त्या कामाचा वृत्तांत १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ह्या वयात ५० किंवा अधिक, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक झाले तर ते वेगवान समजावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. पण जिला साठपर्यंत मोजता येत नाही तिने काय करावे? तिच्यासाठी मिनिटाची वाळू आणि सरकते मणी असलेले एक लाकडी साधन तयार झाले: दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी शेवटचा मणी सरकला तर औषध द्यायचे. निरक्षर बाईला हे जमते, तर तीन वर्षांचा अभ्यासक्रम घेणारीला न जमण्याचे कारण अज्ञान असूच शकत नाही, असे मी वर्गात स्पष्ट सांगते.

अंकांच्या जोडीला परिभाषा येते, आणि मुली तिला विनाकारण भितात. टॅकी म्हणजे वेगवान, ब्रॅडी म्हणजे मंद, कार्डिया म्हणजे हृदय, प्निया म्हणजे श्वास, एवढे कळले की निम्मी भीती ओसरते. परंतु टॅकिप्निया हा शब्द मोजल्याशिवाय लिहिण्याचा अधिकार कोणालाही नाही, आणि डिस्प्निया, म्हणजे दम लागणे, हे तर रुग्णाचे स्वतःचे गाऱ्हाणे. ते त्याच्याच शब्दांत टिपावे. "जीव खालीवर होतोय", "भवळ येती", "उरात कळ निघाली", "अंग मोडून आलंय" ह्या आमच्याकडच्या जबान्या आहेत, आणि जबानीचा मजकूर कारकुनाने परस्पर बदलू नये, हा कचेरीचा शिरस्ता दवाखान्यातही लागू आहे. डोळ्यांनी पाहायचेही असेच तारतम्याने. हिंगोली आणि वसमत ह्या हळदीच्या मोठ्या बाजारपेठा; हंगामात हळदीवर राबणारा मजूर आला, तर त्याच्या पिवळ्या तळहातांवरून काविळीचा निष्कर्ष काढणारी मुलगी पुस्तकात पहिली आली तरी मी तिला परत पाठविते, आणि उजेडात नेऊन त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघायला लावते.

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा उभी करणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनी आपल्या परिचर्येवरील पुस्तकात रुग्णाच्या अवलोकनाला एक संपूर्ण प्रकरण दिले, तेव्हा आजच्यासारखी यंत्रे नव्हतीच. आता हिंगोलीतही २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आहे, खाटेजवळचे मॉनिटर वाढतील, आणि करोनाच्या साथीपासून बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तर घरोघरी पोहोचला आहे. ह्या सगळ्याचा मला आनंदच आहे. मात्र ऑक्सिजन उतरण्याआधी पुष्कळदा श्वास वाढलेला असतो, मॉनिटरचा श्वासाचा आकडा खोकल्याने आणि कूस बदलल्यानेही फसतो, आणि उद्या ह्यांतील अनेक मुली ज्या उपकेंद्रांत एकट्या बसतील, तिथे मॉनिटर असणार नाही. म्हणून परीक्षेच्या गुणपत्रिकेत काय असेल ते असो, जिच्या रकान्यात १७, २३, १९, १४ असे एकमेकांशी न जुळणारे आकडे खाटेगणिक उतरतात, आणि मी त्याच खाटेपाशी जाऊन मोजले असता जवळपास तेच निघतात, तिला एकटीने रात्रपाळी सांभाळायला देण्यास माझी हरकत नसते.