डी अ‍ॅन्झाहून बर्कलेला

क्यूपर्टिनो म्हटले की डोळ्यांसमोर येते ती 'अ‍ॅपल' कंपनी. कॅलिफोर्नियात नोकरी करणाऱ्या लेकाकडे जाऊन आलेले आई-बाबा २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'अ‍ॅपल पार्क'च्या गोल इमारतीचे फोटो हमखास दाखवतात. पण तिथून थोड्याच अंतरावर, स्टीव्हन्स क्रीक बुलेवार्डला लागून असलेल्या डी अ‍ॅन्झा कॉलेजकडे मात्र फारसे कोणी फिरकत नाही. तुम्ही गेलात, तर अर्धा दिवस काढून अवश्य जा.

एका जुन्या इस्टेटीच्या जागेवर १९६७ साली हे कॉलेज सुरू झाले. त्या इस्टेटीतला टुमदार बंगला अजून आवारात उभा आहे आणि त्यात कॅलिफोर्नियाच्या इतिहासाचे केंद्र चालते. कॉलेजला नाव आहे ते १७७६ मध्ये या भागातून गेलेल्या डी अ‍ॅन्झा या स्पॅनिश सेनानीचे. त्याच्याबरोबरच्या पाद्र्याने इथल्या ओढ्याला संत जोसेफ ऑफ क्यूपर्टिनो यांचे नाव दिले, तेच पुढे गावाला चिकटले. गंमत म्हणजे अभ्यासात कच्चे असलेले हे संत परीक्षार्थींचे कैवारी मानले जातात!

आवारातले फ्लिंट सेंटर हे सभागृह २०१९ मध्ये बंद झाले. २४ जानेवारी १९८४ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला मॅकिन्टॉश जगाला दाखवला तो तिथेच. त्यांचे भागीदार स्टीव्ह वॉझनियॅक तर या कॉलेजचे विद्यार्थीच. इथून १९७१ मध्ये ते बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेले, शिक्षण अर्धवट सोडून कंपनीत रमले आणि पुढे परत जाऊन टोपणनावाने १९८६ मध्ये पदवी पूर्ण केली.

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचे सरकारी कॉलेज. शाळा पूर्ण केलेल्या कोणालाही इथे प्रवेश मिळतो. टक्केवारीची चाळणी नाही. राज्याने १९६० मध्ये आखलेल्या उच्च शिक्षणाच्या योजनेत असे ठरले, की वरच्या साडेबारा टक्के मुलांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक तृतीयांशांना राज्य विद्यापीठ आणि कम्युनिटी कॉलेज सर्वांसाठी. पण तिथून तिसऱ्या वर्षाला मोठ्या विद्यापीठात जाण्याची वाट खुली ठेवली. आपल्याकडे दहावीनंतर डिप्लोमा करून मुले थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जातात, तसाच काहीसा हा प्रकार.

फीचा फरक ऐकाल तर थक्क व्हाल. राज्यातल्या रहिवाशाला डी अ‍ॅन्झात एका युनिटला ३१ डॉलर पडतात. वर्षाला ४५ युनिट धरली तर १,३९५ डॉलर. कॅलिफोर्निया विद्यापीठात हाच आकडा पंधरा हजारांच्या घरात जातो. अर्थात बाहेरच्या देशातून शिकायला येणाऱ्यांना दोन्हीकडे कितीतरी जास्त मोजावे लागतात, हे भारतातल्या पालकांनी ध्यानात ठेवावे.

तरीही मुलगा कम्युनिटी कॉलेजला जातो हे सांगताना तिथल्या अनेक मराठी घरांत आवाज जरा खाली येतो. मंडळाच्या गणपतीत शेजारची मुलगी थेट स्टॅनफर्डला गेलेली असते ना! मला विचाराल तर यात लाजण्यासारखे काहीच नाही. उलट ही वाट अधिक कसोटीची आहे. कॉम्प्युटर सायन्सला जायचे तर कॅल्क्युलस, प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स हे सगळे आधीच उत्तम गुणांनी उरकावे लागते. कॉलेजचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात धरला जातो, हे 'असिस्ट' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते आणि पहिल्याच सत्रात ते पाहिलेले बरे. एक विषय चुकला तर वर्ष जाऊ शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाची सहा केंद्रे ठरावीक गुणांवर प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कले, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. त्या सहांतही काही ठिकाणी कॉम्प्युटर सायन्स हमीतून वगळलेले असते. म्हणून शहाणी मुले सॅन होजे स्टेटसारख्या राज्य विद्यापीठांतही अर्ज करून ठेवतात.

बर्कलेपर्यंतचा प्रवास प्रत्यक्षात करून पाहायचा असेल, तर गाडीची गरज नाही. कॉलेजसमोरून ५२३ क्रमांकाची बस पकडा, ती सॅन होजे शहर ओलांडून बेरियेसा स्थानकावर सोडते. २०२० मध्ये उघडलेल्या या स्थानकातून बार्ट रेल्वेची नारिंगी मार्गाची गाडी थेट डाउनटाउन बर्कलेला जाते. बसायला जागा बहुधा मिळते, कारण गाडी इथूनच सुटते. सोबत डबा घ्या, मात्र गाडीत खायला मनाई आहे.

स्थानकाबाहेर पडून पूर्वेकडे चालू लागलात की विद्यापीठाचे आवार लागते. ३०७ फूट उंच घड्याळाचा मनोरा दुरूनच दिसतो. कॉम्प्युटर सायन्सची सोडा हॉल ही हिरव्या फरशांची इमारत उत्तरेकडे आहे. चढण आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश जावे.

तिथे पोचलेल्या नव्या विद्यार्थ्याची खरी दमछाक पुढेच असते. बरोबरीच्या मुलांची दोन वर्षांत घट्ट टोळकी जमलेली, प्राध्यापक ओळखीचे झालेले, उन्हाळी कामाच्या मुलाखती पहिल्याच महिन्यात सुरू. याच्या हातात उरलेली असतात फक्त दोन वर्षे. डी अ‍ॅन्झात तीन-तीन महिन्यांची सत्रे, बर्कलेत सेमिस्टर. त्यामुळे अभ्यासाचा ताल बदलतो आणि शेकडो मुलांच्या वर्गात हात वर करायला धीर लागतो. पहिल्या सत्रात गुण घसरले तर घरच्यांनी एवढ्यात प्रश्नांचा भडिमार करू नये. रविवारी घरचे पोहे खायला बोलवावे. बस आणि बार्ट दोन्ही रविवारीही चालतात.