राखण

सांगली जिल्ह्यातील सागरेश्वराच्या डोंगरावर आज हरणांचे कळप चरताना दिसतात. हे वन फार पुरातन असावे, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु एके काळी हेच डोंगर उघडेबोडके होते. झाडे कुऱ्हाडीने गेली, गवत चराईने गेले आणि उरलीसुरली माती पावसाने वाहून नेली. मोहित्यांचे वडगाव येथील वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी हे डोंगर पुन्हा हिरवे करण्याचा ध्यास घेतला. गावकऱ्यांचे व वनखात्याचे हात त्यांना मिळाले. झाडे लावली गेली. सांबर, चितळ, काळवीट आणून सोडले गेले. १९८५ साली सुमारे ११ चौरस किलोमीटरांचे हे वन अभयारण्य म्हणून घोषित झाले.

मग काम संपले काय? छे! खरे काम तेथूनच सुरू झाले. हा प्रदेश कमी पावसाचा. उन्हाळ्यात पाणवठे आटतात. ते भरावे लागतात. वेळेवर जाळरेषा काढल्या नाहीत, तर विडीच्या एका ठिणगीने अनेक वर्षांची मेहनत एका दुपारी राख होते. रोप लावणाऱ्याचे कौतुक होते. पाणवठा भरणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. पण वन टिकते ते त्याच्यामुळेच.

माणसाने उभारलेल्या वनाला राखण लागते, तशीच ती निसर्गाने दिलेल्या ठेव्यालाही लागते. साताऱ्याजवळचे कास पठार पाहावे. खडकावरील मातीच्या पातळ थरातून तेथे श्रावण-भाद्रपदात फुलांचे गालिचे उमलतात. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत कासही आहे. पण मानपत्र काही फुलांची राखण करीत नाही! ती करतात भोवतालच्या गावांतील माणसे. हंगामात ती पठारावर उभी राहतात आणि पर्यटकांना पायवाट सोडू देत नाहीत. पर्यटकांनी दिलेल्या शुल्कातून त्यांना मजुरी मिळते.

तेथील टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. तिचे कोवळे रोप आज पायाखाली चिरडले, तर आज कोणाला काही उणे भासणार नाही. ते भासेल बहराच्या वर्षी. आज बारा वर्षांच्या मुलाने तो बहर पाहिला, तर पुढच्या बहराच्या वेळी तो एकोणीस वर्षांचा असेल. तोवर आजचे राखणदार थकलेले असतील. त्यांच्या जागी उभे राहण्यास कोणी पुढे आले, तरच पठार पुन्हा फुलेल.