उधना ते नवापूर

आजोबा नंदुरबारहून लूमवर कामाला उधन्यात आले. मी दर सोमवारी पहाटे त्याच रुळांवरून उलटी जाते. नवापूर स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. त्याच तालुक्यातल्या एका मिशन हॉस्पिटलात मी नर्स आहे. सकाळी ड्रेसिंग, सलाइन, बाळंतिणी, मग ओपीडी. शाळेतली गुजराती आणि घरची अहिराणी, दोन्ही लागतात. मावची अजून शिकते आहे.

नवीन होते तेव्हा, थंडीत, नऊ वर्षांचा एक मुलगा पाय दुखतात म्हणून रात्रभर रडत होता. सूज नाही, जखम नाही. "शाळा बुडवायची असेल," असं मी त्याच्या आईला बोलून गेले. तपासणीत सिकलसेल निघाला. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडी वाजली, पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं. आई मला काहीच बोलली नाही. तिचा थोरला असाच रडत गेला होता.

आता कुणी दुखतंय म्हटलं की मी आधी पाणी आणि पांघरूण देते, प्रश्न नंतर.

तो मुलगा दर महिन्याला हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या न्यायला येतो. परवा म्हणाला, "सिस्टर, आज खरंच शाळा बुडवून आलोय."

मी खाली मान घालून गोळ्या मोजत राहिले.