नीरेचा कालवा
माउली, आषाढात वाल्ह्याहून लोणंदला जाताना नीरेतले पादुकांचे स्नान आपण डोळे भरून पाहिले असेल. पण तिथला डावा कालवा? दिंडीच्या चालीत मलाही ५० वर्षे सवड झाली नाही.

यंदा माघात पुण्याहून पॅसेंजरने नीरा स्टेशनात उतरलो. सोबत आप्पा, माझ्या कीर्तनात ४० वर्षे मृदंग वाजवणारे. कालव्याच्या भरावावरून रमतगमत निघालो. १८८० च्या दशकातला हा कालवा वीरहून निघून अजून बारामतीकडचा ऊस भिजवतो. पाण्याला घाई नव्हती, आम्हांलाही नव्हती.

शेवटच्या वर्षी ठेका चुकला म्हणून भर कीर्तनात मी आप्पांना टोकले होते. त्यांचे कान गेले होते, हे मागाहून कळले. कालव्यावर म्हणालो, "आप्पा, माझं चुकलं." ते पाण्याकडेच पाहत राहिले. पुन्हा मोठ्याने म्हणालो, तर पलीकडे धुणे धुणारी बाई वळून पाहू लागली!

"काय म्हणालात, बुवा?"

मी पायांवर डोके ठेवले. त्यांनी उठवून शेजारी बसवले, म्हणाले, "हरिपाठाची वेळ झाली." माझ्या ओठांकडे पाहत त्यांनी माझ्या मनगटावर बोटांनी ठेका धरला. परतीची गाडी चुकली.